विलो क्रीकचा काळा चौकोन

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. हे सांगून मला काहीच मिळणार नाही. उलट मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेतेय. तो कसा, ते शेवटी कळेलच.

हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलं. नोरीन मावशी. मोंटानात, ब्लँचर्ड गावापासून बावीस मैलांवर, विलो क्रीकच्या काठच्या आमच्या रँचवर. तारीख ९ ऑगस्ट १९८८, वार मंगळवार. वेळ दुपारी बाराची.

हो, दुपारचीच.

भुतं रात्री येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा भर दुपारी आमच्या माळावर एकटं उभं राहून बघावं. झाड नाही. सावली नाही. लपायला एवढीशीही जागा नाही. जे येतं ते मैलभरावरून दिसतं...

किंवा दिसत नाही. नुसतं ऐकू येतं.

त्या वर्षी पावसानं आमच्याकडे पाठच फिरवली होती. मेपासून थेंब नाही. विहिरी गाळावर आलेल्या. विलो क्रीक म्हणजे नुसता दगडांचा पट्टा झाला होता. फक्त ओढ्याच्या उगमाशी, टेकडीच्या कुशीत एक झरा होता, तो तेवढा जिवंत राहिला. त्याच्याखाली बंधारा, बंधाऱ्यामागे तळं, आणि त्या तळ्यावर आमची एकशे चाळीस गुरं जगत होती.

आणि नेमकं त्याच वर्षी त्या झऱ्यावरून भांडण उभं राहिलं.

आमच्याकडे पाण्याचा कायदा सरळ आहे. ज्यानं आधी वापरलं, त्याचा हक्क आधी. त्याचं भागलं तर दुसऱ्याला. शेजारच्या रँचवाल्यांची नोंद होती १९३८ची. माझ्या आजोबांनी, म्हणजे ओर्विल हालवर्सन यांनी, आपली नोंद सांगितली होती १९३०ची. त्यांचं म्हणणं असं की झऱ्यावर पूर्वी कुणीतरी राहायचं, ते सोडून गेलं, आणि तीस सालापासून झरा आम्हीच वापरतोय. तेवीस ऑगस्टला सुनावणी होती. तिथं हे शपथेवर सांगायचं होतं. आजोबा जिंकले तर रँच वाचणार होतं. हरले तर गुरं विकायची आणि घराला कुलूप लावायचं.

नोरीन मावशी तेव्हा बावन्न वर्षांची. लग्न केलं नाही, रँच आणि बाप सांभाळला. आजोबा चौऱ्याऐंशीचे. पाय गेले होते, चाकाच्या खुर्चीत ओसरीवर बसून असायचे. जीभ मात्र शाबूत होती.

त्या मंगळवारी सकाळी मावशीनं गावातून आणलेले दोन नकाशे स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरले. एक १९११चा, एक १९५३चा. त्याच जमिनीचे, त्याच ओढ्याचे. तपकिरी रेषांनी टेकड्या दाखवलेल्या, निळ्या तुटक रेषेनं ओढा. तुटक रेषा म्हणजे पाणी कधी असतं, कधी नसतं.

"दोन कशाला आणलेस?" आजोबांनी दारातून विचारलं.

"सुनावणीचे साहेब दोन्ही मागतील, बाबा."

जुन्या नकाशावर झऱ्याशेजारी एक काळा चौकोन होता. मोहरीएवढा. राहत्या घराची खूण. बाजूला बारीक अक्षरात नाव... रीस.

नव्या नकाशावर चौकोन नव्हता. तिथं कोरा कागद होता.

"नवा तेवढा ने," आजोबा म्हणाले. "जुना चुलीत घाल."

"पण बाबा, मॅग्दा तर..."

"कोण मॅग्दा?"

मावशी नकाशाची घडी घालू लागली.

"बावन्न वर्षांची घोडी झालीस, अजून कळत नाही तुला. काय बोलायचं ते बाप सांगतो, तू मान हलव. आधी नाही का हलवलीस? झाकली मूठ सव्वा लाखाची, पोरी."

मावशीनं जुना नकाशा चुलीत घातला नाही. खणात ठेवला. मग कॅमेरा घेतला, टिप्पी नावाच्या कुत्रीला हाक मारली, आणि सुनावणीसाठी झऱ्याचे फोटो काढायला निघाली. वाटेत जुनं काटेरी तारेचं कुंपण लागतं, घरापासून बरोबर सहाशे पावलांवर. ते ओलांडून पुढं मैलभर चढ.

जाताना काहीच नव्हतं. हे ती मला दहादा म्हणाली. जाताना तिथं काही म्हणजे काहीच नव्हतं.

फोटो काढून ती परत उतरू लागली. ऊन मी म्हणत होतं. नाकतोड्यांचा नुसता कालवा चालला होता. त्या वर्षी त्यांचा इतका सुळसुळाट होता की घरात बसूनही कानात तोच आवाज.

कुंपण पन्नास पावलांवर आलं, आणि नाकतोडे थांबले.

सगळे. एकदम.

टिप्पी थबकली. शेपूट पायात घालून खाली बसली.

आणि मग...

खर्रर्र.

थोडी शांतता.

खर्रर्र... थप्.

आमच्याकडच्या माणसाला हा आवाज झोपेतही ओळखता येतो. बर्फात फावडं घालायचं, उचलायचं, बाजूला टाकायचं. खर्रर्र, थप्. सहा महिने आम्ही तेच करत असतो.

पण हा ऑगस्ट होता. सावलीत चाळीस डिग्री होतं. आणि सावली कुठंच नव्हती.

आवाज कुंपणाच्या पलीकडून, घराच्या बाजूनं येत होता. मावशीनं बघितलं. माळ रिकामा. वाळलेलं गवत जसंच्या तसं उभं. माणूस नाही, जनावर नाही.

ती कुंपणाशी आली तेव्हा आवाज बंद झाला.

कुंपणाच्या खांबापासून पुढं गवतात एक पट्टी निघाली होती. फावड्याएवढी रुंद, तासलेली, सरळ. दोन्ही कडांना गवत आणि माती नीट टाकलेली. ताजी. लांबी चाळीस पावलं. आणि तोंड थेट आमच्या घराकडे.

मावशीनं वाकून पट्टीवर हात ठेवला.

माती बर्फासारखी गार होती.

ती धावतच घरी आली. आजोबा ओसरीवर कुंपणाकडे बघत बसले होते. त्यांना तिथून गवताशिवाय काही दिसणं शक्य नव्हतं. मावशीनं तोंडातून एक शब्द काढला नव्हता.

"कुठवर आलीय?" आजोबांनी विचारलं.

इथं मला मागचं सांगायला हवं. मावशीनं ते मला त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सांगितलं. आमच्या घरात सदतीस वर्षं ते कुणी उच्चारलं नव्हतं.

मॅग्दा रीस १९१०मध्ये एकटी आली. चोवीस वर्षांची. झऱ्याशेजारची जमीन घेतली आणि टेकडीत अर्धं कोरून घर केलं. वर लाकडं, त्यावर माती, मातीवर गवत. १९११चा सर्व्हेवाला तीन पायांचं टेबल खांद्यावर घेऊन पायी फिरला, तिच्या झऱ्याचं पाणी प्यायला, आणि त्यानं तिचं घर नकाशावर टाकलं. त्याला ते दिसलं, कारण तो तिथं गेला होता.

ती तिथंच म्हातारी झाली. गावात वर्षातून दोनदा जायची. तिची पत्रंसुद्धा आमच्याच पेटीत यायची. नंतर नंतर पत्रंही यायची थांबली.

१९५१च्या उन्हाळ्यात नवा नकाशा करायला खात्याचा माणूस आला. आता काम विमानातून काढलेल्या फोटोंवर चालायचं. फोटोत न कळणाऱ्या जागा तेवढ्या माणसांना विचारायच्या. गवताचं छप्पर विमानातून कसं दिसणार? तो आमच्या टेबलावर बसला. आजीनं लोणी-साखर लावलेल्या लेफ्से वाढल्या. आमच्या नॉर्वेजियन घरातल्या बटाट्याच्या पोळ्या त्या. त्यानं सहा खाल्ल्या.

"नकाशाच्या जुन्या शीटवर झऱ्याशी एक घर आहे," तो म्हणाला. "तिथं राहतं कुणी?"

"राहायची एक बाई," आजोबा म्हणाले. "एकोणतीस सालीच गेली डकोटात, तिच्या माणसांकडे. घर पडलं."

त्यांच्या कामाची रीत अशी होती की तिथल्या दोन माणसांनी एकच सांगितलं पाहिजे. आजी स्वयंपाकात होती. मग तो टेबलाशी उभ्या असलेल्या पंधरा वर्षांच्या नोरीनकडे वळला.

"खरं का, मिस?"

टेबलावर टोपलीत सहा अंडी होती. तपकिरी. त्याच सकाळी नोरीननं ती मॅग्दाच्या हातून आणली होती.

बापानं तिच्याकडे बघितलं.

"हो सर," नोरीन म्हणाली.

त्यानं वर जाऊन बघायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. पोटात सहा लेफ्से, डोक्यावर ऊन, आणि दोन साक्षीदार हातात. मैलभर चढायची हौस कुणाला असते? त्यानं वहीत खूण केली आणि एक जिवंत बाई नकाशावरून गेली.

त्यानंतरच्या जानेवारीत आठ दिवस हिमवादळ झालं. ते थांबल्यावर काउंटीचा बुलडोझर निघाला. त्याच्याकडे नव्या शीटची कच्ची प्रत होती. काळा चौकोन दिसला की तिथवर रस्ता मोकळा करायचा, पीठ आणि कोळसा द्यायचा, पुढं जायचं. आमच्या दारात ड्रायव्हरनं विचारलं, "वर अजून कुणी आहे?"

"नकाशात बघ की," आजोबा म्हणाले.

बुलडोझर वळला.

नोरीन खिडकीत होती. खिडकीतून टेकडी दिसायची. टेकडीवरचा धूर दिसायचा. तिनं तो नऊ दिवस बघितला.

दहाव्या दिवशी धूर नव्हता.

एप्रिलच्या शेवटी बर्फ उतरला तेव्हा मॅग्दा सापडली. कुंपणाच्या खांबाशी. गुडघ्यांवर, तोंड आमच्या घराकडे. फावडं दोन्ही हातांत, बोटं काळी पडलेली. टेकडीपासून कुंपणापर्यंत जिथं जिथं बर्फ साचला होता तिथं तिनं वाट खणली होती. रस्त्याकडे नाही, आमच्याकडे. सगळ्यात जवळचं घर आमचंच होतं ना.

सहाशे पावलं कमी पडली तिला.

बापलेकींनी तिला झऱ्याखाली पुरलं. त्याच उन्हाळ्यात आजोबांनी तिथं बंधारा घातला, आणि तळं बरोबर त्या जागेवर आलं. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच. ते लोणी खाऊनच मी लहानाची मोठी झाले.

आता ती पट्टी जिथं मॅग्दा थांबली होती तिथूनच पुढं सुरू झाली होती.

रोज दुपारी बाराला नाकतोडे थांबायचे. मग खर्रर्र, थप्. अर्धा-पाऊण तास. मावशी नंतर जाऊन पावलं मोजायची. रोज चाळीस. पट्टी वळली नाही, दगड आला तरी वळली नाही. गुरं ती ओलांडेनात. टिप्पी तर घर सोडून गेली ती परत आलीच नाही.

"बाबा, खरं सांगून टाकू या," मावशी म्हणाली. "तिला एवढंच हवं असेल."

"आणि गुरांना काय पाजायचं? तुझे अश्रू?"

"ती दारात येईल."

"येऊ दे. जिवंतपणी आली असती तर कॉफी दिली असती. मेल्यावर मी कुणाला भीत नाही."

पण ओसरीवर बसताना ते आता गुडघ्यांवर घोंगडी घ्यायला लागले होते. चाळीस डिग्रीत.

तेवीस तारखेला चाळीस पावलं उरली होती. सुनावणी ब्लँचर्डच्या शाळेच्या हॉलमध्ये होती. मावशीनं आजोबांना पिकअपमध्ये बसवून नेलं. कपड्यांखाली लपवून जुना नकाशाही नेला.

साहेबांनी विचारलं, "मिस हालवर्सन, झऱ्याशी राहणारी बाई १९२९ला निघून गेली, हे तुम्हाला मान्य आहे?"

"नाही साहेब. ती गेलीच नव्हती." मावशीनं जुना नकाशा टेबलावर ठेवला. "हे तिचं घर. झरा शेवटपर्यंत तिचाच होता."

"तुम्ही तिला शेवटचं कधी पाहिलंत?"

"बावन्नच्या एप्रिलमध्ये. आता तळं आहे तिथं पुरताना."



साहेबांनी मान वळवली. "मिस्टर हालवर्सन, खरं का?"

आजोबा हसले. "साहेब, माझ्या पोरीनं लग्न केलं नाही. माळावर एकटी राहिली. वारं शिरतं माणसाच्या डोक्यात. माझंच चुकलं, वेळेवर उजवून टाकायला हवी होती."

मागं दोघं-तिघं हसले.

"बाकी कुणाला त्या बाईबद्दल माहिती आहे?" साहेबांनी हॉलला विचारलं. त्या काळातले दोन म्हातारे पुढच्याच बाकावर होते. दोघांचीही गुरं आमच्या बंधाऱ्यातून सुटणाऱ्या पाण्यावर होती. दोघंही मांडीवरच्या टोप्यांकडे बघत बसले.

शेजाऱ्यांचा वकील म्हणाला, तळं उपसा. साहेब म्हणाले, एका साक्षीवर ऐन दुष्काळात तळं उपसायचा हुकूम मी देणार नाही. एकीचं ऐकून शीट बदलता येत नाही, दुसरं माणूस आणा.

पाणी आमच्याकडेच राहिलं.

परत येताना आजोबा म्हणाले, "तुझं खरं गेलं वाऱ्यावर आणि पाणी राहिलं घरात. रड आता."

घरी पोचले तेव्हा पट्टी ओसरीच्या पायरीला टेकली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी स्वयंपाकघरात होती, आजोबा ओसरीवर. नाकतोडे थांबले.

या वेळी मातीचा आवाज नव्हता. फावडं लाकडाला घासल्याचा होता. पायरीवर. एकदा. दोनदा. मग...

भिंतीला फावडं टेकवून ठेवल्याचा आवाज.

मावशी चुलीपाशीच थांबली. तिला फक्त बापाचा आवाज ऐकू आला. दाराशी आलेल्या माणसाला वाटेला लावतात तसा.

"नाही. इथं कोणी नाही. इथं कोणीच राहत नाही."

मग काहीच नाही.

ती बाहेर गेली तेव्हा आजोबा खुर्चीत गेलेले होते. डोळे उघडे. ओसरीच्या फळ्यांवर ओल्या बुटांचे ठसे होते. ते तिच्या देखत उन्हानं सुकून गेले. डॉक्टर हृदय म्हणाला. मग त्यानं आजोबांचे हात उलटसुलट करून बघितले आणि मावशीला हळूच विचारलं, "यांची बोटं अशी काळी कशानं झाली?"

ऑक्टोबरमध्ये मी भेटायला गेले तेव्हा मावशीनं मला टेबलाशी बसवलं. नव्या नकाशावर झऱ्याशेजारी तिनं स्वतःच्या हातानं काळा चौकोन काढला होता. शेजारी एक कागद. मॅग्दा रीस इथं १९१० ते १९५२ राहत होती, एवढंच वाक्य. खाली तिची सही. त्याखाली दुसरी ओळ रिकामी.

"सही कर, रोंडा."

"मावशी, मी तर तेव्हा जन्मलेसुद्धा नव्हते."

"ती पट्टी बघितलीस ना?"

बघितली होती. ओसरीच्या पायरीपासून कुंपणापर्यंत सहाशे पावलं चालले होते मी त्याच सकाळी. सगळं रान वाळून पिवळं आणि मधे ती उघडी पट्टी. पण त्या सहीनं झरा जाणार होता. आणि मावशीनंतर रँच माझंच होतं, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

"मी तिथं नव्हते, मावशी," मी म्हटलं. "मला काय माहीत?"

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. ओळखीचं काही दिसल्यासारखं.

"अगदी हालवर्सन आहेस," ती म्हणाली आणि कागद उचलून ठेवला.

पुढच्या फेब्रुवारीत हिमवादळ झालं. चार दिवसांनी आम्ही रँचवर पोचलो. ओसरीच्या पायरीपासून बर्फात खणलेली वाट निघाली होती. सरळ. टेकडीकडे. मावशी कुंपणाच्या खांबाशी सापडली. गुडघ्यांवर, फावडं हातात. तोंड झऱ्याकडे. मॅग्दा तिच्याकडे यायला निघाली होती, म्हणून ही मॅग्दाकडे निघाली. सदतीस वर्षं उशिरा.

आता मी सदुसष्ट वर्षांची आहे. या घरात एकटी राहते. गुरं त्याच तळ्यावर पाणी पितात. इतकी वर्षं काही झालं नाही. ती पट्टीसुद्धा गवतानं भरून आली होती.

परवा एक फोन आला. आवाजावरून पोरगा वाटला. सभ्य बोलत होता. जुने नकाशे एकावर एक ठेवून नाहीशी झालेली घरं शोधतोय म्हणाला. "१९११च्या शीटवर तुमच्या झऱ्याशी एक घर दिसतं. नंतर कुठंच नाही. दोघांनी दुजोरा दिला तर मी नोंद करू शकतो. तुमच्याकडे काही कागद, काही माहिती आहे का?"

मावशीचा कागद माझ्यासमोरच्या खणात होता.

या वर्षी पुन्हा पाऊस नाही.

"छे," मी म्हटलं. "तिथं कधी कुणी राहतच नव्हतं."

त्यानं आभार मानून फोन ठेवला. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजत होते. खिडकी उघडी होती.

बाहेर नाकतोडे थांबले...

त्याच दुपारी मी कुंपणापासून चाळीस पावलं मोजली. काल ऐंशी झाली. म्हणजे घरापर्यंत अजून पाचशे वीस आहेत. कागद खणातून काढून टेबलावर ठेवलाय, पेनही शेजारी आहे. सही अजून केलेली नाही.